मूळ फर्मवेअर भरले. पण कुलूप लावले का?

सिहोरा (जि. भंडारा) : तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यासारख्या गावात असो वा मुंबई-पुण्यात, वापरलेला मोबाइल घेताना ग्राहक पडदा, बॅटरी व कॅमेरा पाहतो. 'कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर टाकून दिले आहे', असे विक्रेत्याने सांगितले की तो निर्धास्त होतो. मात्र, मूळ फर्मवेअर भरल्यानंतर बूटलोडर पुन्हा कुलूपबंद केला नसेल, तर फोनचे दार उघडेच राहते.

बूटलोडर म्हणजे काय?
फोन सुरू होताना अँड्रॉइडच्या आधी चालणारी आज्ञावली म्हणजे बूटलोडर. कुलूपबंद असताना ती पुढील सॉफ्टवेअरवरील उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी तपासते आणि ती जुळली तरच फोन सुरू होऊ देते. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७.० पासून ही तपासणी अधिक काटेकोर झाली. कुलूप उघडे असल्यास फोन हाती लागलेली व्यक्ती त्यात फेरफार केलेली प्रणाली भरू शकते. बँक व्यवहारांची काही ॲप अशा फोनवर चालण्यास नकार देतात, ते याच कारणाने.

क्रम महत्त्वाचा
कुलूप लावणे ही शेवटची पायरी आहे. प्रथम छायाचित्रे, संपर्क आदींची प्रत काढावी. कारण कुलूप उघडताना आणि सामान्यतः लावतानाही फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. त्यानंतर नेमक्या त्याच मॉडेलचे फर्मवेअर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन पूर्ण भरावे. फोन एकदा नीट सुरू करून पाहावा आणि मगच कुलूप लावावे. प्रणालीत थोडाही फेरफार शिल्लक असताना कुलूप लावल्यास फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. विकसक पर्यायांतील 'ओईएम अनलॉकिंग' ही सोयदेखील कुलूप लागून फोन सुरळीत सुरू झाल्यावरच बंद करावी. ती आधीच बंद केली, तर दुरुस्तीचा मार्गही खुंटतो.

जुनी आवृत्ती टाळा
मूळ फर्मवेअर जुने असूनही चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गुगलच्या पिक्सेल ६ मालिकेतील फोनना अँड्रॉइड १३ मिळाल्यावर त्यांचा बूटलोडर अँड्रॉइड १२ च्या आवृत्तीकडे परत नेता येईनासा झाला. जुन्या आवृत्तीतील उणिवांचा गैरवापर होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. सॅमसंगच्या नॉक्स सुरक्षेत तर अनधिकृत सॉफ्टवेअरची नोंद कायमची राहते. मूळ फर्मवेअर भरूनही ती पुसली जात नाही.

ग्राहकाने काय पाहावे?
फोन विक्रेत्यासमोरच बंद करून सुरू करावा. बूटलोडर उघडा असल्याचा इशारा बहुतेक अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर सुरुवातीलाच, अनेकदा नारिंगी खुणेसह, दिसतो. तो दिसल्यास कुलूप लावून मिळेपर्यंत फोनमध्ये बँकेचे ॲप टाकू नये आणि शक्यतो पैसेही देऊ नयेत.