टॅपनच्या खतावण्या ते २१ अक्षरी क्रमांक : कंपन्यांची माहिती शोधण्याचा इतिहास

१/
आज एखाद्या कंपनीचे नाव टाइप केले की तिचा पत्ता, भांडवल, संचालक आणि उद्योग क्षणात समोर येतात. या सोयीचे एक मूळ एका फसलेल्या उधारीत आहे. १८३७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधील आर्थर टॅपन अँड कंपनी या रेशीम-व्यापाऱ्यांच्या बड्या पेढीने देणी थांबवली. देण्याचा आकडा १० लाख डॉलरच्या वर होता. पेढीचे येणेही मोठे होते, परंतु ते दूरदूरच्या दुकानदारांकडे अडकलेले होते. त्या वर्षीच्या आर्थिक अरिष्टात असे दुकानदार एकामागून एक बुडाले आणि त्यांना माल देणाऱ्या पेढ्यांनाही घेऊन बुडाले.

२/
अडचण पैशांइतकीच माहितीची होती. गावच्या सावकाराला कुळाच्या तीन पिढ्या ठाऊक असतात; कोणाची जमीन किती, कोणाचा शब्द किती टिकतो, हे त्याला विचारावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यासमोर मात्र खरेदीच्या हंगामात शेकडो मैलांवरून एक अनोळखी मनुष्य उभा राही, ओळखपत्र म्हणून कोणाची तरी शिफारसचिठ्ठी पुढे करी आणि सहा महिन्यांच्या उधारीवर माल मागे. नाही म्हणावे तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीत जाई, हो म्हणावे तर १८३७ ची धास्ती.

३/
आर्थरचा धाकटा भाऊ लुईस टॅपन हा याच पेढीत उधारीचा व्यवहार पाहत असे. हा गृहस्थ गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. १८३४ च्या दंगलीत जमावाने त्याच्या घरात घुसून सामानाची होळी केली होती. ‘अमिस्टाड’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी लढणाऱ्या समितीतही तो आघाडीवर होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला १८४१ च्या मार्चमध्ये, आणि त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ उघडली. धंदा एकच : दुकानदारांच्या पतीची माहिती गोळा करणे आणि ती वर्गणीदारांना पुरवणे. चळवळीमुळे गावोगावी जमलेल्या ओळखी येथे कामास आल्या. दक्षिणेत मात्र याच कारणाने त्याला वार्ताहर मिळणे कठीण गेले.

४/
वार्ताहर बहुतेक स्थानिक वकील असत. त्यांना पगार नसे. मोबदल्यात त्या भागातील थकीत वसुलीची कामे त्यांच्याकडे वळवली जात. अब्राहम लिंकन यांनीही वकिलीच्या काळात असे वार्ताहराचे काम केले होते. वार्ताहराची पत्रे न्यूयॉर्कला पोहोचली की कारकून त्यांतील मजकूर सुवाच्य अक्षरात मोठमोठ्या खतावण्यांत उतरवून घेत. यांपैकी अडीच हजारांहून अधिक खंड आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात आहेत.

५/
आता शोधाची रीत पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. वर्गणीदाराच्या हाती खतावणी दिली जात नसे. तो कचेरीत येई, दुकानदाराचे नाव व गाव सांगे, आणि कारकून संबंधित नोंद त्याला वाचून दाखवी. लेखी नक्कल नाही. ऐकलेले गुप्त ठेवण्याचे वचन मात्र आधीच द्यावे लागे.

खतावण्यांची मांडणी राज्य आणि त्याखाली काउंटी, म्हणजे जिल्हा, अशी होती. त्यामुळे गाव ठाऊक नसेल तर नुसत्या नावाचा उपयोग शून्य. अमेरिकेत ‘जॉन स्मिथ’ किती असतील याची कल्पना करावी. उलट, ‘ओहायोतील अमुक गावचा अमुक’ एवढे सांगितले की उत्तर काही मिनिटांत मिळे.

६/
मात्र ‘देशात चामड्याचा धंदा करणारे किती आणि त्यांची स्थिती कशी?’ असे कोणी विचारले असते तर कारकुनाला हात जोडावे लागले असते. माहिती होती, हजारो पानांत विखुरलेली होती, पण त्या प्रश्नाकडून तिच्याकडे जाणारी वाट नव्हती. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या धंद्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला आजही या खतावण्या जिल्ह्यामागून जिल्हा चाळाव्या लागतात. संग्रह कशासाठी रचला गेला, यावरच त्याला कोणते प्रश्न विचारता येतील हे ठरते. टॅपनने तो उधारी देणाऱ्यासाठी रचला होता, इतिहासकारासाठी नव्हे.

७/
नोंदीत असे काय? वय, विवाहित की अविवाहित, मालमत्ता, कर्ज, दारूचे व्यसन, धंद्यातील चोखपणा. हे सारे कमालीच्या आखूड संक्षेपांत. आणि त्यासोबत वार्ताहराचे पूर्वग्रहही. ज्यू व्यापाऱ्यांविषयीच्या अनेक नोंदींत धर्माचा उल्लेख संशयाच्या सुरात येतो. नोंद करणारा कोण होता, त्याला कोणी पैसे दिले आणि गावात त्याचे कोणाशी वैर होते, हे खतावणी सांगत नाही. वार्ताहराचे नाव गुप्त ठेवणे हाच तर व्यवसायाचा पाया होता.

८/
हा पाया लवकरच न्यायालयात खणला गेला. ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या बीअर्डस्ली या व्यापाऱ्याविषयी नोंद अशी होती की, त्याची पत्नी घटस्फोट व पोटगी मागण्याच्या बेतात आहे, आणि त्यामुळे त्याची मालमत्ता लवकरच हातातून जाईल. गावातील कुजबुज न्यूयॉर्कमध्ये वाचून दाखवली गेली आणि ती पतीविषयीची ‘माहिती’ ठरली. त्याने बदनामीचा दावा लावला. १८५१ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने १० हजार डॉलरची भरपाई ठरवली. वार्ताहराचे नाव सांगण्यास नकार दिल्याबद्दल एजन्सीचा तेव्हाचा चालक बेंजामिन डग्लस २० दिवस तुरुंगात बसला; नाव त्याने सांगितले नाही. पुढे १८७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर हा निकाल फिरवला.

९/
दरम्यान स्पर्धा वाढली. जॉन ब्रॅडस्ट्रीट याने १८५७ मध्ये पतीच्या श्रेणींचे छापील पुस्तक काढले. १८५९ मध्ये मर्कंटाइल एजन्सीनेही २० हजारांहून अधिक नावांचे आपले संदर्भपुस्तक आणले. ते परक्याच्या हाती पडू नये म्हणून त्याला कुलूप होते! आत वाक्ये नव्हती, आकडे आणि अक्षरे होती. ‘बायको सोडून जाणार’ असे लिहिले तर खटला होतो, सांकेतिक आकडा लिहिला तर होत नाही. शोध वेगवान झाला, परंतु आकड्यामागची कुजबुज वाचकाच्या नजरेआड गेली. रॉबर्ट डन याच्या नावाने चाललेली ही एजन्सी आणि ब्रॅडस्ट्रीटची कंपनी १९३३ मध्ये एकत्र आल्या. ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ हे नाव व्यापारी जगात आजही चालते.

१०/
याच सुमारास मुंबईत दुसऱ्या प्रकारची नोंद आकार घेत होती : सरकारी नोंदणी. भारतात संयुक्त भांडवली कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा १८५० मध्ये आला आणि १८५७ मध्ये मर्यादित दायित्वाची तरतूद झाली. टॅपनच्या खतावणीत कंपनीविषयी दुसरे काय म्हणतात ते असे. नोंदणीत कंपनी स्वतःविषयी काय म्हणते ते. नाव, उद्देश, कचेरीचा पत्ता, भांडवल.

११/
कंपनीच्या स्वतःच्या म्हणण्याचे मोल किती, हे मुंबईने लगेच अनुभवले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका आणि भराव कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला आणि बँक ऑफ बॉम्बेसह अनेक संस्था बुडीत निघाल्या. या कंपन्यांनी जाहीर केलेले उद्देश वाचायला उत्तम होते. ते पूर्ण करण्याची कुवत आहे का, हे कागदावरून कळण्याची सोय नव्हती.

१२/
आणि टॅपनचा कारकून ज्याचे उत्तर देऊ शकला नसता, तो ‘कोणता उद्योग?’ हा प्रश्न? त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी खात्यांनी मिळून उद्योगांना संकेतांक देण्यास सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्वीकारले. भारताचे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण १९७० चे. पुढे १९८७, १९९८, २००४ आणि २००८ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. ही वर्षे येथे मुद्दाम दिली आहेत. पुढे त्यांचे काम आहे.

१३/
आता हा क्रमांक पाहा : एल २७१०० एमएच १९०७ पीएलसी ०००२६०. भारतातील प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला असा २१ अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, आणि त्यात टॅपनच्या खतावणीचे सारे प्रश्न दाटीवाटीने बसवलेले आहेत. ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात सूचीबद्ध (नसेल तर ‘यू’). पुढचे ५ आकडे उद्योगाचे. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र. मग स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणी क्रमांक. ही कंपनी म्हणजे टाटा स्टील.

१४/
उद्योगाचा संकेतांक २७१००. कोणी हौशी अभ्यासक २००८ च्या वर्गीकरणाची यादी उघडून हा आकडा शोधेल तर तिथे २७ या विभागात विद्युत उपकरणे आणि २७१ या गटात विजेच्या मोटारी, जनित्रे व ट्रान्सफॉर्मर सापडतील. टाटा स्टील मोटारी बनवते? अर्थातच नाही. क्रमांकातील आकडा जुन्या आवृत्तीतला आहे. २००४ च्या यादीत २७ म्हणजे मूलभूत धातू आणि २७१ म्हणजे लोखंड व पोलाद. नव्या यादीत धातू २४ वर सरकले, जुने क्रमांक मात्र जिथल्या तिथे राहिले. संकेतांकावरून पोलाद कंपन्यांची यादी काढणाऱ्याने दोन्ही आवृत्त्यांचे आकडे घालून पाहिले नाहीत, तर देशातील सर्वांत जुन्या पोलाद कंपन्यांपैकी एक त्याच्या यादीतून गळून पडेल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. चूक दिसते तेव्हा दुरुस्त करता येते. गळती दिसतच नाही.

१५/
‘एमएच’चेही तसेच. नोंदणीकृत कार्यालय मुंबईच्या फोर्ट भागात, बॉम्बे हाउसमध्ये. पोलादाचा मूळ कारखाना जमशेदपूरला, झारखंडात. राज्यावरून शोधणाऱ्याला कचेरीचे राज्य मिळते, भट्टीचे नव्हे. झारखंडातील पोलाद उद्योगाचा अभ्यास केवळ त्या राज्याच्या कंपन्यांवर बेतला तर जमशेदपूरच वगळले जाईल.

१६/
वर्षाचीही एक खोच. टाटा स्टीलच्या बाबतीत १९०७ हे वर्ष खरे आहे. कंपनी त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. पण टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या क्रमांकात वर्ष आहे १९९५, आणि तिचे काम मात्र १९६८ पासून चालू आहे. आधी ती टाटा सन्सचा एक विभाग होती. १९९५ मध्ये नोंदल्या गेलेल्या कंपनीकडे हा विभाग २००४ मध्ये आला. क्रमांकातले वर्ष कायदेशीर जन्माचे असते, धंद्याच्या जन्माचे नव्हे. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा आरंभ अशा वर्षांवरून मोजणारा २७ वर्षे चुकेल.

१७/
शेवटी नाव. २००५ पर्यंत टाटा स्टीलचे नाव ‘टाटा आयर्न अँड स्टील कंपनी’ असे होते, लोकांच्या तोंडी ‘टिस्को’. म्हणून १९०७ चे माहितीपत्रक, जुने ताळेबंद किंवा त्या काळच्या वृत्तपत्रांतील बातम्या शोधताना आजचे नाव टाकले तर हाती काहीच येत नाही. सरकारी नोंदीतून आधी पूर्वीची नावे काढायची, मग त्या प्रत्येक नावाने जुने दप्तर चाळायचे, हा क्रम येथे उलटा चालत नाही. न्यूयॉर्कच्या कचेरीत आलेल्या वर्गणीदारालाही दुकानदाराचे गाव आधी सांगावे लागे. त्याशिवाय कारकून खतावणीला हात लावत नसे.