सीॲनोथस

उत्तर अमेरिकेतील झुडपांची प्रजाती. कुल बदरी, म्हणजे आपल्या बोरीचेच. काही जातींच्या पानांवरील तीन ठळक शिरा पाहिल्या की हे नाते लगेच पटते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये प्रजातीला नाव दिले. पन्नासएक जातींपैकी बहुतेक कॅलिफोर्नियातील आहेत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो आणि डोंगरउतारांवर चिवट पानांच्या झुडपांचे दाट रान माजते. या रानाला चॅपॅरल म्हणतात. वसंतात त्यात निळाई पसरते ती मुख्यतः सीॲनोथसची.

फुले बारीक, पण झुपके भरगच्च. रंग पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत. त्यांत सॅपोनीन असल्यामुळे ओल्या हातांवर चोळताच रिठ्यासारखा फेस येतो. तिथले मूळ रहिवासी ती साबणासारखी वापरत. फळ तीन कप्प्यांचे. वाळल्यावर तडकते आणि बी दूर उडते.

बियांचे कवच कठीण असते. त्या मातीत कित्येक दशके निपचित पडून राहतात आणि वणव्याच्या धगीने कवचाला भेग गेली की मगच पाणी आत शिरते. पुढच्या पावसात जळक्या उतारावर रोपेच रोपे दिसतात. काही जाती बुंध्यापासूनही पुन्हा फुटतात. सेरॅस्टिस या उपप्रजातीतील झुडपे मात्र सहसा जळून मरतात व त्यांची सारी भिस्त बियांवर असते. म्हणून 'वणवा या झाडांना मानवतो' हे विधान अर्धेच खरे आहे. रोपे वयात येऊन मातीत बी साठण्याआधीच पुन्हा आग लागली, तर ती जात त्या उतारावरून नाहीशी होते व तिच्या जागी बाहेरून आलेले गवत माजते. माणसांमुळे आगी वाढल्यापासून हा धोका वाढला आहे.

मुळांवरील गाठींत फ्रँकिया हे जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. आगीत मातीतला नायट्रोजन बराच उडून जातो, त्यामुळे ही भरपाई साऱ्या रानाच्या उपयोगी पडते. पाने हरणे खातात.

पूर्व अमेरिकेतील सीॲनोथस अमेरिकॅनस या जातीच्या पानांचा काढा स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात चहाऐवजी पीत. युरोपात प्रजातीचे अनेक संकर बागांसाठी तयार झाले. कॅलिफोर्नियातील बागांत मात्र ही झाडे बहुधा मायेनेच मरतात: भर उन्हाळ्यात पाणी घातले की तापलेल्या ओल्या मातीत बुरशी वाढते आणि मुळे कुजतात.