परत जायच्या शाळा

गेल्या दोन वर्षांत आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलगा नाहीतर मुलगी टोकियोला निघाली आहे, कंपनी घर शोधून देते आहे, पण नातवाला कोणत्या शाळेत घालायचं? तिन्ही वेळा मी फोनवर अर्धा अर्धा तास बोलले आणि तिन्ही वेळा फोन ठेवल्यावर वाटलं, आपल्याला नीट सांगता आलं नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी बजावलं होतं, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तिकडचं काहीतरी लिही." म्हणून हाच प्रश्न घेते. त्याचा थोडा इतिहास मी हौसेने जमवला आहे. मात्र आठवणींशिवाय तो सांगता येत नाही, तेवढी सूट संपादकांनी द्यावी.

काहींना आठवत असेल, मी पहिलीपासून तुमच्या वर्गात नव्हते. १९७९ ची दिवाळीची सुट्टी संपल्यावर, सहावीत, मध्येच आले. बाबा तार खात्यात होते, त्यांची चंद्रपूरहून साताऱ्याला बदली झाली होती. वर्गाच्या दारात उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. बाईंनी पुढच्या बाकावर जागा करून दिली आणि पुस्तक उघडायला सांगितलं. चंद्रपूरला जो धडा अर्ध्यावर सोडून आले होते तोच तुमच्या वर्गात चालू होता, पुस्तक तेच, चित्र तेच. मला रडू यायचं थांबलं. त्यामागे बालभारती होती हे कळायला पुढे फार वर्षं लागली. १९६७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन केलं आणि सबंध महाराष्ट्रातल्या मुलांच्या दप्तरात एकच पुस्तक आलं. बदलीवाल्यांच्या पोरांवर त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत.

ज्यांची बदली राज्याबाहेर होई त्यांची अडचण याहून मोठी. केंद्र सरकारचे नोकर, लष्करातले लोक. दर तीन वर्षांनी नवं राज्य, नवी भाषा, नवं बोर्ड. १९६२ मध्ये सीबीएसईची पुनर्रचना झाली तेव्हा नजरेसमोर मुख्यतः अशांचीच मुलं होती. पुढच्या वर्षी लष्करी छावण्यांतल्या वीस रेजिमेंटल शाळा हाती घेऊन सेंट्रल स्कूल सुरू झाली, आजची केंद्रीय विद्यालयं. त्यांची तीन विद्यालयं देशाबाहेरही आहेत: काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. पुढे आखातात भारतीय शाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी शाळांनी हाच अभ्यासक्रम घेतला. वडील मस्कतला असोत की मीरतला, मुलाच्या पुस्तकाचं पान तेच. आज सीबीएसई म्हटलं की लोकांना आयआयटीचे क्लास आठवतात. त्या बोर्डाच्या मुळाशी बदलीचा हुकूम आहे.

आम्ही २००१ मध्ये टोकियोला आलो. त्या आधीच्या वर्षीपासून जपानने भारतीय संगणक अभियंत्यांसाठी व्हिसा सोपा केला होता आणि आमच्यासारखी कुटुंबं निशिकासाई भागात जमू लागली होती. कारण साधं होतं. तिथून तोझाई लाइनने ओतेमाचीच्या बँकांपर्यंत गाडी न बदलता जाता येतं आणि तिथल्या सार्वजनिक वसाहतींत घरमालकाला बिनपरतीची 'नजराणा' रक्कम द्यावी लागत नाही. यांचं कंत्राट तीन वर्षांचं होतं. "तीन वर्षं, मग परत," असं मी आईला सांगून निघाले होते. एप्रिल २००३ मध्ये लेक पहिलीच्या वयाची झाली आणि तुम्ही आज विचारता तो प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर आला.

तेव्हा टोकियोत भारतीय शाळा नव्हती. समोर दोनच रस्ते होते. एक म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळा. त्यांची फी वर्षाला वीस लाख येनच्या घरात, आणि कंपनीने ती भरली तरच परवडणारी. आमची कंपनी भरत नव्हती. एका शाळेत मुलाखतीला गेलो, तिथे पहिला प्रश्न हाच की फी कंपनीकडून येणार की तुमच्याकडून. आम्ही खरं सांगितलं. त्यानंतरची मुलाखत फार लवकर आटोपली.

दुसरा रस्ता म्हणजे गल्लीतली सरकारी शाळा. इथल्या कायद्याप्रमाणे सक्तीचं शिक्षण जपानी नागरिकांच्या मुलांना लागू. परक्यांच्या मुलांवर सक्ती नाही, पण पालकांनी अर्ज केला तर शाळा घेते आणि फी माफ. म्हणजे आम्ही लेकीला घरी बसवून ठेवलं असतं तरी वॉर्डाच्या कचेरीतून कुणी दार ठोठावलं नसतं. मोकळीक म्हणावी तर मोकळीक, आणि अंगावर काटा यावा अशीही गोष्ट.

त्याच दिवसांत मी योकोहामाला जाऊन यामाते नावाची टेकडी पाहिली. १८५९ मध्ये बंदर खुलं झाल्यावर परदेशी व्यापारी आणि मिशनरी पुढे या टेकडीवर येऊन राहिले. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. १८७२ मध्ये मदर मातिल्द राक्लो ही फ्रेंच जोगीण काही सहकारी भगिनींसह बोटीने आली, आणि तिथून सुरू झालेलं सेंट मॉर हे आशियातलं सर्वांत जुनं आंतरराष्ट्रीय विद्यालय समजलं जातं. गंमत अशी की त्याच १८७२ मध्ये जपान सरकारने देशभर प्राथमिक शिक्षणाचा पहिला हुकूम काढला. एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या, इथल्यांची वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी. १९०१ मध्ये टेकडीवर मुलांसाठी सेंट जोसेफ कॉलेज निघालं, ते शंभरी गाठता गाठता २००० मध्ये बंद झालं. १९०२ मध्ये टोकियोत अमेरिकन स्कूल इन जपान निघालं. नावातच सगळं आलं: शाळा अमेरिकेची, फक्त जपानात. मिशनऱ्यांच्या मुलांनी पुढे अमेरिकेतल्या कॉलेजात बसावं, त्यासाठी ती.

मग १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप. योकोहामा जळून गेलं. टेकडीखालच्या यामाशिता बागेची जमीन त्या ढिगाऱ्याच्या भरावावर उभी आहे, आणि तिथे एक घुमटाचं पाण्याचं कारंजं आहे. भूकंपात गावकऱ्यांनी केलेल्या मदतीची आठवण ठेवून योकोहामाच्या भारतीय व्यापाऱ्यांनी ते १९३९ मध्ये बांधून दिलं. आपल्याकडून पाहुणे आले की मी त्यांना मंदिरांआधी ते दाखवायला नेते. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, पुष्कळ परदेशी कुटुंबं शहर सोडून गेली असताना, मागे राहिलेल्यांनी योकोहामा इंटरनॅशनल स्कूल काढलं. कुठल्या एका देशाची किंवा पंथाची शाळा चालवण्याइतकी मुलंच उरली नव्हती, असं मला त्यामागचं कारण वाटतं. हा माझा तर्क, पण गावात दुष्काळ पडला की दोन आळ्यांचा गणपती एक होतो हे आपण पाहिलेलं आहे.

त्याच १९२४ मध्ये जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि मजूर संघटनेच्या अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी इकोल इंतेरनास्योनाल ही शाळा काढली. आदोल्फ फेरिएर या शिक्षणतज्ज्ञाच्या कुटुंबाच्या घरात जेमतेम आठ मुलांनिशी ती सुरू झाली. तिथे वरच्या वर्गांत एक विचित्र अडचण उभी राहिली. लहानपणी एका बाकावर बसलेली मुलं शेवटच्या दोन वर्षांत वेगळी करावी लागत, कारण प्रत्येकाला आपापल्या देशाची परीक्षा द्यायची होती: फ्रेंचांची वेगळी, स्विसांची वेगळी, इंग्रज आणि अमेरिकन पुन्हा वेगळे. सगळ्यांना चालेल अशी एकच परीक्षा असावी या खटपटीतून १९६८ मध्ये आयबी जन्माला आलं. आज पुण्या-मुंबईत ज्या आयबीची फी ऐकून आपल्याला घाम फुटतो, तेही मुळात बदलीवाल्यांच्या पोरांसाठीच काढलेलं.

हे सगळं वाचून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. या प्रत्येक शाळेच्या पायात आईबापांनी मनाशी ठरवलेलं एक गाव आहे, जिथे मुलाला पुढे पोचवायचं आहे. शाळा निवडताना आपण ते गाव निवडत असतो. ते मला कळलं तेव्हा थोडा उशीर झाला होता.

लेकीला आम्ही गल्लीतल्या शाळेत घातलं. पहिलीत ऐंशी कांजी अक्षरं. वर्ग झाडायचा, जमीन पुसायची, त्यासाठी प्रत्येक आईने घरून फडकं शिवून द्यायचं. शाळेच्या जेवणात मासा, म्हणून आमचा डबा वेगळा; त्यासाठी बाईंना मोडक्या जपानीत चिठ्ठी लिहायला मला दोन रात्री लागल्या. तिसरी संपेपर्यंत ती झोपेत जपानी बोलू लागली. फोनवर आजीने काही विचारलं की माझ्याकडे बघायची.

दरम्यान, २००४ मध्ये कोतो वॉर्डात इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान ही टोकियोतली पहिली भारतीय शाळा निघाली होती, आणि २००६ मध्ये दुसरी आली. दोन्हीकडे सीबीएसई. त्याच सुमाराला यांचे वडील आजारी पडले आणि 'पुढच्या वर्षी नक्की परत' असं घरात ठरलं. २००६ च्या एप्रिलात आम्ही लेकीला भारतीय शाळेत हलवलं. जपानी शाळेच्या शेवटच्या दिवशी तिची जिवलग मैत्रीण फाटकापाशी तिचा हात सोडेना. लेक रडली नाही. घरी येऊन लाल रान्दोसेरू, म्हणजे इथलं चामडी दप्तर, कपाटात वर ठेवलं आणि मला म्हणाली, "आता हे लागणार नाही ना?"

आम्ही पुढच्या वर्षी परत गेलो नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याच सुमारास जपानी आईबापांना भारतीय गणिताचं वेड लागलं. त्यांचा पाढा नवापर्यंत; भारतीय मुलं एकोणीस एकोणीसेपर्यंत म्हणतात याची इथल्या वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर चर्चा. आपल्या सरांनी छडी घेऊन तीसपर्यंत घोकून घेतलं होतं, हे मी शेजारणीला सांगितल्यावर तिने माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. जपानी मुलं भारतीय शाळेत येऊ लागली. आम्ही लेकीला परत जाण्यासाठी तिथे घातलं होतं, आणि ही मंडळी आपली मुलं बाहेर पाठवण्याच्या तयारीने तिथेच येत होती.

मुलाची वेळ आली २००८ मध्ये. तोवर परत जायची भाषा घरात कुणी करत नव्हतं. तो गल्लीतल्याच शाळेत गेला आणि तिथेच राहिला.

११ मार्च २०११ ला दुपारी जमीन हलली तेव्हा दोघं आपापल्या शाळेत होते. आठवड्याभरात मी दोघांना घेऊन भावाकडे पुण्याला गेले. निशिकासाईतली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत अशीच निघाली. एप्रिलमध्ये लेक एका सीबीएसई शाळेत नववीत बसली, पुस्तकं तीच, दोन दिवसांत रुळली. मुलाला चौथीत बसवलं. त्याला देवनागरी येत नव्हती, इंग्रजी अडखळत. पहिल्या दिवशी सुट्टी झाल्यावर तो कोपऱ्यातला झाडू शोधून वर्ग झाडायला लागला आणि मुलं हसली. त्याने ते मला रात्री सांगितलं, अगदी शांतपणे, जपानीत. महिन्याभराने आम्ही टोकियोला परतलो. 'परतलो' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा टोकियोसाठी वापरला.

लेक बारावीनंतर एकटीच पुण्याला गेली, तिथेच शिकली, तिथेच नोकरी करते. जपानी फाडफाड बोलते, वाचते मात्र तिसरीतल्या मुलाइतकं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत तिच्याकडे गेले होते. मोदक वळता वळता म्हणाली, "आई, तुम्ही मला परत जायच्या शाळेत घातलंत. मी परत आले. तुम्ही कुठे आलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोदकाची कळी तेवढी फाटली.

मुलगा टोकियोतल्या विद्यापीठात शिकून इथेच लागला. आजीशी मराठी बोलतो, चुकत माकत. आता ती हसते आणि दुरुस्त करते. आपल्याच मातीतले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ती बातमी मुलानेच मला वाचून दाखवली, कारण ती जपानीत होती.

नातवंडांसाठी विचारणाऱ्यांना म्हणून मी आता शाळांची यादी पाठवत नाही. आधी एवढंच विचारते, मुलगा आणि सून परत कधी यायचं म्हणतात? तिघांकडूनही उत्तर आलं, "तीन वर्षांनी." मग मी म्हणते, त्या दोघांनाच मला फोन करायला सांगा, नातीलाही जवळ बसवा. मात्र संध्याकाळी साडेपाचच्या आत करा. तुमचे साडेपाच म्हणजे आमचे नऊ, आणि मी हल्ली लवकर झोपते.