शारीरिक निर्बंध (विशेष शिक्षणातील)

दिव्यांग विद्यार्थ्याची हालचाल त्याच्या इच्छेविरुद्ध रोखणे म्हणजे शारीरिक निर्बंध. मुलाला घट्ट धरून ठेवणे, ओढणीने हात बांधणे, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये अडकवून बसवणे हे सारे त्यात येते. सेरेब्रल पाल्सीमुळे पाठ न सावरणाऱ्या मुलाला खुर्चीत छातीपट्टा लावतात तो आधार; वर्गभर धावणाऱ्या स्वमग्न मुलाला त्याच पट्ट्याने अडकवले की तो निर्बंध होतो.

भारतात कायद्याची स्थिती जरा विचित्र आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 97 नुसार रुग्णाला केवळ तातडीचा धोका टाळण्यासाठी, दुसरा उपाय नसेल तरच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने जखडता येते. त्याची नोंद ठेवावी लागते; शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून तसे करता येत नाही. पण ही तरतूद मानसिक आरोग्य संस्थांपुरती आहे. शाळेला शिक्षण हक्क कायद्यातील (2009) शारीरिक शिक्षेची बंदी आणि दिव्यांग हक्क कायद्यातील (2016) क्रूर वागणुकीपासूनचे संरक्षण लागू होते. शिक्षा म्हणून बांधणे त्यामुळे बेकायदा ठरते. मात्र भिंतीवर डोके आपटणाऱ्या मुलाला कसे आणि किती वेळ धरावे, हे या दोन्ही कायद्यांत नाही. अमेरिकेत 2009 साली सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने शाळांतील निर्बंधांबाबतच्या शेकडो तक्रारी उजेडात आणल्या. त्यांत काही मृत्यूही होते. पालथे पाडून पाठीवर भार देणे सर्वांत घातक, कारण त्याने श्वास कोंडतो.

महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भात पाहिले तर वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत मात्र विशेष शिक्षक रोज हाताशी नसतो. भाषेची अडचण वेगळीच. घरी माडिया किंवा गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू आणि शाळेत मराठी. सूचना न कळलेले मूल हट्टी ठरते आणि हट्टी मुलाला धरले जाते. चित्रकार्डे किंवा घरच्या भाषेतले चार शब्द तिथे जास्त उपयोगी पडतात. फेफरे आलेल्या मुलाला दाबून धरण्याचीही चूक होते. त्याला कुशीवर वळवून आजूबाजूच्या टणक वस्तू हटवणे पुरते.

या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. झटापटीतली दमछाक, पाण्याची कमतरता आणि प्राणवायूची घट यांनी अशा मुलाला वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. तेव्हा प्रवेशाच्या वेळीच आरोग्य खात्याचे सिकलसेल कार्ड पाहून हजेरीपटावर तशी खूण करावी. धरण्याची वेळ आलीच तर मूल शांत होताच सोडावे, पाणी पाजावे आणि त्याच दिवशी पालकांना कळवावे.