शिपायाचा ताप कोणी मोजला?

चेन्नईला गेलेला माणूस पार्थसारथीच्या दर्शनाला तिरुवल्लिकेणीत जातोच. मीही गेलो. त्याच भागात १८५० साली सुरू झालेलं मोहमेडन पब्लिक लायब्ररी हे जुनं वाचनालय आहे. ते सुरू करणारा एडवर्ड बाल्फर हा लष्करी डॉक्टर होता.

मद्रास फौजेतला हा सर्जन. त्या काळी शिपाई लढाईपेक्षा ताप, हगवण आणि पटकीनेच जास्त मरत. बाल्फरने आकडे हाती घेतले. कोणत्या हवामानात, कोणत्या ठिकाणी सैनिक धडधाकट राहतात, यावरचा त्याचा लेख १८४५ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. छावणीची जागा पारखून निवडा, हा त्याचा आग्रह.

ताप दूषित हवेने येतो, असं तेव्हाचे डॉक्टर मानत. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत दिसला तो १८९७ मध्ये. म्हणजे कारण चुकीचं होतं. तरी दलदलीपासून लांब राहण्याचा जुना सल्ला खराच निघाला.

पण तक्त्यात आजारी आणि मेलेले मोजता येतात. घरच्या आठवणीने झोप उडालेला शिपाई कुठल्या रकान्यात बसवायचा? शिवाय सरकारला तो जगायला हवा होता, तो पहाऱ्यावर उभा राहावा म्हणून. आज सैनिकांच्या मनावर संशोधन होतं, तेव्हा मी आधी हेच विचारतो: मोजतंय कोण, आणि कशासाठी?