माका: दोन देश, एकच काळा रस

सोलापूर आणि चीन म्हटलं की १९३८ साली तिकडे गेलेले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. दुसरा धागा आहे माक्याचा. इथे जुळे सोलापुरात आजी अजूनही केसांसाठी तेलात माका उकळते. हीच वनस्पती, एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, तांग राजवटीतल्या इ.स. ६५९ च्या औषधीग्रंथात आहे. तिचा रस लावल्यास केस लवकर आणि दाट येतात, असं त्यात म्हटलंय.

सिनॉप्सिस लिहिताना इथेच मोह होतो: दोन स्वतंत्र परंपरा एकच गोष्ट सांगतात, म्हणजे पुरावा भक्कम! जरा थांबा. माका चुरगाळला की रस काळा पडतो. त्याच्या चिनी नावातला 'मो' म्हणजे शाई. आपल्या 'भृंगराज'मधला भृंग म्हणजे काळा भुंगा. दोघांनीही रंग बघूनच केसांशी नातं जोडलं असेल तर? शिवाय बौद्ध भिक्षूंबरोबर भारतीय वैद्यकही चीनमध्ये पोचलं होतं. मग 'स्वतंत्र' कशावरून?

म्हणून जुने ग्रंथ प्रस्तावनेत जरूर द्या, पण निष्कर्षात नको. तिथे तुलनाच लागते: एका गटाला माक्याचं तेल, दुसऱ्याला नुसतं तेल.