नट, बोल्ट आणि ठरलेले माप

विहिरीवरच्या पंपाचा बोल्ट झिजला, तर आपण बाजारातून त्याच मापाचा दुसरा आणतो आणि तो बिनतक्रार बसतो. दोनशे वर्षांपूर्वी अशी सोय नव्हती. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेलच, याचा भरवसा नसे. ज्याचा नट त्यालाच, असा प्रकार होता.

लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याने १८०० च्या सुमारास एकसारखे आटे पाडणारा लेथ बनविला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सर्व इंग्रज कारखान्यांना एकच माप सुचविले. आट्याचा कोन ५५ अंश, आणि अर्धा इंची बोल्टला इंचात १२ आटे. पुढे सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. आपल्याकडच्या गिरण्यांची यंत्रे तेव्हा बहुतेक इंग्लंडातूनच येत. त्यांच्याबरोबर हे इंची मापही आले.

तिकडे अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांचा कोन पुढे मांडला. दुसऱ्या महायुद्धात या दोन मापांनी मोठी अडचण केली. तेव्हा १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर समेट केला. आपण १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. त्यातही कोन ६० अंशांचाच. आज १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टवर दोन आट्यांतले अंतर पावणेदोन मिलिमीटर असते. जुन्या अर्धा इंचीत ते दोन मिलिमीटरहून थोडे जास्त. म्हणून १२ मिलिमीटरचा बोल्ट जुन्या अर्धा इंची नटात एकदोन फेरे जातो आणि अडतो. जोर केला, तर आटेच जातात.

आता संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली आहेत. टॅपने आटे पाडले, तर टॅप जेवढा तेवढेच माप येते. सीएनसीवर भोकापेक्षा बारीक कटर स्वतःभोवती फिरत भोकात गोल फेरा घेतो, आणि एका फेऱ्यात एका आट्याइतका सरकतो. त्यामुळे व्यास हवा तसा कमीजास्त करता येतो. भोक घट्ट झाले, तर यंत्रात नोंदलेली कटरची त्रिज्या शंभरांश मिलिमीटरने कमी करायची. कटर तेवढा बाहेरून फिरतो. मात्र दोन्ही बाजू कापल्या गेल्यामुळे व्यास दुप्पट, म्हणजे दोन शतांश मिलिमीटरने वाढतो. हा दुपटीचा हिशेब चुकला, तर माल भंगारात जातो.

पण माप कशाशी लावायचे? हाताशी असलेल्या बोल्टशी नव्हे, गेजशी. ‘गो’ गेज पूर्ण आत गेला पाहिजे, ‘नो-गो’ अडला पाहिजे. हातातल्या एका बोल्टसाठी भोक सैल केले, तर पुन्हा ज्याचा नट त्यालाच. मग इथे बनलेला भाग दूरच्या गावच्या पंपाला बसणार कसा?

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. काटकोन त्रिकोणाचा कागद पेन्सिलीला गुंडाळावा. त्याच्या तिरक्या कडेचा आपोआप आटा होतो. मग तोच त्रिकोण जाड खडूला गुंडाळावा. आटा तसाच चढतो, पण दोन फेऱ्यांतले अंतर वाढते. नुसती जाडी जुळून भागत नाही, हे मुलांना तेव्हा डोळ्यांनी दिसेल.